वाडीतले स्पिरिट : कोयता पुसायला चालते, फवारायला नाही

३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ आले आणि रेवदंडा, चौल, नागावच्या वाड्यांतले माड आणि पोफळी आडव्या झाल्या. त्याच काळात कोरोनामुळे घरोघरी सॅनिटायझरचे कॅनही आले होते. पुढे नवीन लागवड करताना, कलमे बांधताना ते वाडीत वापरले जाऊ लागले. आजही स्पिरिट कोयत्याला लावावे का, पांढऱ्या माशीवर फवारावे का, असे प्रश्न येतात. पहिल्याचे उत्तर ‘हो’, दुसऱ्याचे ‘नाही’.

नेमके कोणते स्पिरिट?

रबिंग अल्कोहोल म्हणजे बहुधा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांचे मिश्रण. मेडिकलच्या दुकानात सर्जिकल स्पिरिट म्हणून जे मिळते ते कधी आयसोप्रोपिल, तर कधी पिण्यास अयोग्य केलेले इथेनॉल असते. अवजारे पुसण्यासाठी दोन्ही चालतात, पण लेबल वाचूनच घ्यावे. हार्डवेअरच्या दुकानातले पॉलिशचे स्पिरिट आणि थिनर मात्र वेगळे. त्यात मिथेनॉल किंवा इतर विषारी द्रावके असू शकतात, त्यामुळे ती या कामासाठी आणू नयेत. जेल सॅनिटायझरही टाळावे, कारण त्याचा चिकट थर पात्यावर राहतो.

तीव्रता साधारण ७० टक्के हवी. ९९ टक्के जास्त प्रभावी असेल असे वाटते, पण जंतूंच्या पेशीतील प्रथिने गोठवण्यासाठी पाण्याचीही गरज असते. शिवाय शुद्ध अल्कोहोल पटकन उडून जाते आणि काम अर्धवट राहते. ९९ टक्क्यांचे आणले असल्यास ७०० मिली घेऊन त्यात स्वच्छ पाणी घालावे आणि एकूण १ लिटर करावे.

कुठे उपयोग होतो

आंबा, चिकू किंवा जायफळाचे कलम बांधताना, मिरीचे छाट घेताना, पानवेलीची छाटणी करताना पाते एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाते आणि त्यासोबत जिवाणू व बुरशीही जातात. आधी पात्यावरचा चीक व माती फडक्याने नीट पुसून काढावी. घाणीखाली अल्कोहोल पोहोचत नाही, आणि बहुतेक ठिकाणी चूक इथेच होते. नंतर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पाते ओले करावे, किमान अर्धा मिनिट ओले राहू द्यावे, वाळले की पुढचे झाड घ्यावे. ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने लोखंड गंजते, अल्कोहोलने तसे होत नाही. घाईच्या कामात दोन चाकू ठेवावेत, एक वापरात आणि एक वाळत.

माडाचा कोंब कुजला असेल तर कुजका भाग कापण्यापूर्वी आणि नंतर कोयता असाच पुसावा. कापलेल्या जागेवर मात्र स्पिरिट ओतू नये. ते उडून जाते, जखमेला संरक्षण देत नाही. तिथे बोर्डो पेस्टच लावावी, उघड्या जखमेकडे सोंड्या भुंगा आकर्षित होतो.

अल्कोहोल सगळे मारते हा गैरसमज आहे. काही जिवाणूंचे बीजाणू आणि तंबाखू मोझॅकसारखे चिवट विषाणू त्याला दाद देत नाहीत. मिरची, टोमॅटोच्या रोपांत मोझॅकची शंका असेल तर हात साबणाने धुवावेत आणि रोगट रोप उपटून टाकावे.

पिकावर का नको

जास्वंदीच्या दोन कुंड्यांवर पिठ्या ढेकूण असेल तर ७० टक्के स्पिरिटात भिजवलेल्या कापसाच्या काडीने तो पुसता येतो. त्याचे मेणचट आवरण विरघळते आणि किडा सुकतो. तरीही आधी एका पानावर लावून दोन दिवस वाट पाहावी आणि हे काम ऊन उतरल्यावर करावे. याच्या पलीकडे पिकावर वापर नको. पानाचे नैसर्गिक मेण निघून गेले की पान करपते, आणि पानवेलीचे तर विकायचे पानच जाते.

नारळावरील रुगोज चक्राकार पांढऱ्या माशीवर स्पिरिट फवारल्यास एन्कार्शिया हा मित्रकीटकही मरतो. पाण्याचा जोरदार फवारा मारावा, काळी बुरशी घालवण्यासाठी १ टक्का स्टार्चचे पाणी वापरावे. सुपारीच्या कोळे रोगावरही स्पिरिटचा उपयोग नाही. फायटोफ्थोराचे बीजाणू पावसाच्या थेंबांबरोबर घोसांवर पडत राहतात. त्यासाठी पावसाळ्याच्या तोंडावर आणि पुन्हा ४० ते ४५ दिवसांनी १ टक्का बोर्डो मिश्रण फवारावे.

आणखी एक कारण आगीचे. स्पिरिटची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाच पेट घेते, हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरकते आणि दूरच्या चुलीपर्यंत जाऊ शकते. ज्योत फिकट असल्याने उन्हात पटकन दिसत नाही. बॅटरीच्या पंपात स्पिरिट भरू नये, बीडी ओढत कोयता पुसू नये. ब्लिचिंग पावडरमध्येही मिसळू नये, त्यातून घातक वायू तयार होतात.

माणसाला होणारा अपाय

कोयता लागला तर जखम साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. उघड्या जखमेत स्पिरिट ओतल्यास मांसाला इजा होते. ताप उतरवण्यासाठी लहान मुलांच्या अंगाला स्पिरिट चोळण्याची जुनी पद्धत धोक्याची आहे. त्वचेतून आणि श्वासातून ते आत जाऊन मूल बेशुद्ध पडू शकते.

पोटात गेलेले आयसोप्रोपिल शरीरात ॲसिटोनमध्ये बदलते. गुंगी, उलट्या, पोटात रक्तस्राव होतो, मुलांची रक्तातील साखर घसरते. मिथेनॉल असेल तर सुरुवातीला फारसे काही जाणवत नाही आणि १२ ते २४ तासांनी नजर धूसर होते. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली. एप्रिल २०२१ मध्ये वणी येथे सॅनिटायझर प्यायलेल्या सात जणांचा मृत्यू झाला. वाडीत रोजंदारीवर माणसे येत असतील तर हा कॅन कुलपात हवा.

पाण्याच्या रिकाम्या बाटलीत स्पिरिट भरून ठेवण्याची सवय आधी मोडावी. तहानलेला माणूस किंवा मूल ती बाटली सरळ तोंडाला लावते. कोणी प्यायले तर उलटी करवू नये, लिंबूपाणी किंवा ताक पाजत बसू नये, बरे वाटते म्हणून थांबू नये. १०८ ला फोन करावा, अलिबागच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात न्यावे आणि मूळ बाटली लेबलसह सोबत न्यावी, कारण मिथेनॉल आणि आयसोप्रोपिल यांचे उपचार वेगळे असतात.