पहाटेचा खर्ज आणि पुण्याचे हवा घराणे

निपाणीत मार्गशीर्षातली पहाट फार देखणी असते. वेदगंगेच्या अंगाने धुके चढते, उसाच्या फडांवर ते पसरते आणि गुऱ्हाळांचा गोडसर वास त्यात मुरलेला असतो. परगावचा पाहुणा आला की छाती भरून श्वास घेतो आणि म्हणतो, वा, काय शुद्ध हवा! मीही पुष्कळ वर्षे तसेच म्हणत आलो. आमच्या घरी तर तो धर्मच होता. साडेचारला उठावे, खिडकी उघडावी, मिरजेचा तंबोरा मांडीवर घ्यावा आणि उजाडेपर्यंत खर्ज भरावा.

हा नेम वडिलांचा. आमचे आजोबा दरबारी गवई आणि वडील त्यांच्या मागे तंबोऱ्यावर बसत. 1949 साली आपले संस्थान विलीन झाले तेव्हा वडील ऐन विशीत होते. पुढे दरबार उरला नाही, तरी देवघरातली सणावारीची सेवा त्यांनी अखेरपर्यंत केली. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. वारसा म्हणून मला मिळाला तो एक तंबोरा आणि पहाटेचा हा नेम. निपाणीत मी गाण्याचा वर्ग काढला आणि शनिवारी बेळगावी जाऊ लागलो, तेव्हा विद्यार्थ्यांनाही मी हाच नेम लावला.

चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका चौदा वर्षांच्या मुलीचा आवाज बसू लागला. गळा जात्याच गोड, षड्ज लावला की खोली भरून जावी असा. दिवाळीनंतर मात्र खर्जात उतरली की खोकला यायचा. मला वाटले, रियाज कमी पडतो आहे. म्हणून मी तिला आणखी अर्धा तास आधी बोलावले! तिची आई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर कामाला. ती एके दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "मास्तर, माझी धूळ पोरीला लागतीया व्हय? मी तर अंगावरनं पाणी घेतल्याबिगर तिला जवळ घेत न्हाई. पण ती हितनं गेली की जास्तच खोकतीया बघा."

"हितनं गेली की" हे शब्द मला झोंबले. डॉक्टरांनी गळ्याला सूज आहे असे सांगितले, पंधरा दिवस गाणे बंद ठेवले आणि पहाटे बाहेर पडू देऊ नका अशी ताकीद दिली. पहाटे का नाही, एवढे मात्र विचारायचे राहून गेले.

त्याचे उत्तर मला आडवाटेने मिळाले. बेळगावच्या एका स्नेह्यांनी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या नादविषयक लेखनाचा एक संग्रह वाचायला दिला होता. रामन यांना 1930 साली नोबेल मिळाले ते प्रकाशाच्या संशोधनासाठी. पण त्याच्या आधी, 1921 साली, त्यांनी तंबोऱ्याच्या घोडीवर आणि जिव्हारीवर लिहिले आहे. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिरबिंदू असेल तो उपस्वर वाजू नये, असा युरोपातला नियम. आपला तंबोरा तो नियम मोडतो आणि सगळे उपस्वर बोलतात. हे घोडीच्या गोलाईमुळे आणि तिच्यावरच्या दोऱ्यामुळे होते, असे त्यांनी दाखवून दिले. तबला-मृदंगाच्या शाईवरही त्यांनी असेच काम केले आहे. आमच्या घरात तीन पिढ्या जिव्हारी काढली, पण ती का बोलते हे कुणी विचारले नव्हते.

रामन यांचे शिष्य पुढे काय करत होते हे शोधता शोधता मी थेट पुण्यात येऊन पोचलो. शिवाजीनगरचे शिमला ऑफिस वाचकांपैकी अनेकांनी बाहेरून पाहिले असेल. 1928 साली हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे मुख्यालय शिमल्याहून तिथे आले म्हणून ते नाव पडले. त्या खात्यात रामन यांची शिष्यमंडळी एकामागून एक आली. के. आर. रामनाथन यांनी ओझोनचा अभ्यास आपल्या देशात रुजवला आणि पुढे अहमदाबादच्या भौतिकी प्रयोगशाळेचे ते पहिले संचालक झाले. एल. ए. रामदास यांनी जमिनीलगतच्या चार हात हवेत रात्री काय घडते ते मोजले. 1932 सालचा त्यांचा शोध आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. आणि तिसऱ्या अन्ना मणी. गुरू एक, तालीम एक आणि प्रत्येकाची गायकी वेगळी! आम्ही गाणारे याला घराणे म्हणतो.

मणीबाईंचा जन्म 23 ऑगस्ट 1918 चा, त्रावणकोर संस्थानातल्या पीरमेडचा. वडील स्थापत्य अभियंते, वेलदोड्याच्या बागांचे मालक. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणे हिऱ्यांच्या कुड्या पुढे आल्या, तेव्हा या मुलीने त्या नाकारून एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागितले. (पुढे त्यांनी संशोधन केले ते हिऱ्यांवरच, हा योगायोग गमतीचा आहे.) 1940 साली त्या बंगळुरास रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या. हिऱ्यातून निघणारा मंद प्रकाश काचेच्या पट्टीवर उमटायला पंधरा-पंधरा, वीस-वीस तास लागत, म्हणून रात्री तिथेच काढाव्या लागत. स्त्रियांनी आणि पुरुषांनी एकमेकांत मिसळू नये असा रामन यांचा कडक दंडक होता. त्यामुळे बरोबरीच्यांशी चर्चा करण्याची सोयही फारशी नव्हती. तरी 1942 ते 1945 या काळात त्यांनी एकटीच्या नावावर पाच निबंध प्रसिद्ध केले आणि प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. एम.एस्सी. ची पदवी नाही, या कारणावरून विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही. तो पूर्ण झालेला प्रबंध बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत जपून ठेवला गेला.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. आमच्या वडिलांना एका शाळेने संगीत शिक्षकाची जागा नाकारली होती. कारण चाळीस वर्षे गाऊनही त्यांच्यापाशी विशारदचा कागद नव्हता. ते घरी आले, काही बोलले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी मला परीक्षेचा अर्ज भरायला लावला. मणीबाईंनीही पुढे या गोष्टीचे भांडवल केले नाही. त्यांना भौतिकशास्त्रच पुढे शिकायचे होते, पण परदेशची जी शिष्यवृत्ती मिळाली ती हवामानाच्या उपकरणांची. तीच घेऊन त्या 1945 साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेल्या आणि 1948 साली पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या.

त्या काळी साधे पर्जन्यमापकसुद्धा परदेशातून येई. मणीबाईंनी शंभराच्या आसपास उपकरणांचे नकाशे प्रमाणबद्ध करून ती इथल्या कारखान्यात बनवायला लावली. 1953 साली त्यांच्या हाताखाली 121 पुरुष काम करीत होते. चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, असा त्यांचा खाक्या. बेसूर तंबोऱ्यापेक्षा मुका तंबोरा बरा असे वडील म्हणत. दोघांचे छान जमले असते.

1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात त्यांनी ऊन मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे देशभर उभे केले. साठीच्या दशकात पुण्याला ओझोन मोजणारे भारतीय बनावटीचे यंत्र तयार झाले, ते फुग्याला बांधून वर सोडायचे. त्याची युक्ती साधीच आहे. पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून हवा जाते, ओझोन त्यातले आयोडीन मोकळे करतो आणि त्या प्रमाणात वीज वाहते. हाच ओझोन वर 25 किलोमीटरवर असला की आपले उन्हापासून रक्षण करतो आणि जमिनीलगत धुरातून तयार झाला की फुप्फुस जाळतो. स्वर तोच, पण एका रागात वादी आणि दुसऱ्यात वर्ज्य.

माझ्या कामाचा भाग मात्र पुढचाच होता. 1969 साली मणीबाईंनी सहकाऱ्यांसह देशातल्या हवेच्या गढूळपणावर निबंध लिहिला. थेट उन्हाला रंगीत काचा लावून मोजले की मधल्या धुळीने आणि धुराने किती ऊन खाल्ले ते कळते. पुढे सत्तरीच्या दशकात हवेच्या प्रदूषणावर नजर ठेवणारी दहा केंद्रे देशात निघाली, त्यांत पुणे आणि नागपूर होते. तिथे पावसाचे पाणी गोळा करून त्यात काय विरघळले आहे तेही तपासत. खात्याच्या उपमहासंचालक म्हणून मणीबाई 1976 साली निवृत्त झाल्या आणि 2001 साली त्यांचे निधन झाले.

आता आमच्या पहाटेकडे येतो. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असले की रात्री जमीन आपली उष्णता वर फेकून देते. तिला टेकलेली हवा गार आणि जड होते. वरची हवा तुलनेने ऊबदार राहते आणि झाकणासारखी बसते. एरवी धूर वर निघून जातो, पण झाकणाखाली तो कोंडतो. संध्याकाळी पेटवलेल्या पाचटाचा, चुलींचा, गुऱ्हाळांचा आणि हमरस्त्यावरच्या गाड्यांचा धूर रात्रभर साठत जातो. सूर्य वर येऊन जमीन तापली, सकाळचे आठ-नऊ वाजले, की झाकण सुटते. म्हणजे मी जिला शुद्ध हवा समजून मुलांना दीर्घ श्वास घ्यायला लावत होतो, ती आमच्या दिवसातली सर्वांत मळकी हवा होती! त्यातले अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शापेक्षाही लहान असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. आणि खर्जाचा श्वास तर तळापर्यंतच घ्यायचा असतो.

आपल्या बेळगाव जिल्ह्याला छातीचे दुखणे आणि गाणे यांचे नाते सांगायला नको. सुळेभावीचे कुमार गंधर्व 1948 साली क्षयामुळे कोरडी हवा शोधत देवासला गेले आणि काही वर्षे त्यांचे गाणे बंद राहिले. त्यांचे दुखणे जंतूंचे होते, धुराचे नव्हते, हे खरे. पण गवयाने हवेसाठी गाव सोडल्याची ती गोष्ट लहानपणी मी वडिलांच्या तोंडूनच ऐकली होती.

तरीही वडिलांचा नेम मोडायला मला महिना लागला. त्यांच्या काळात फड असा सरसकट पेटत नसे आणि हमरस्त्यावर इतक्या गाड्या नव्हत्या, अशी मनाची समजूत घालत राहिलो. अखेर दिवाळी ते शिमगा वर्गाची वेळ दहावर आणली. दोन पालकांनी नापसंती दाखवली. पहाटेचा रियाज नाही ते कसले गाणे, असे म्हणून एकाने मुलगा काढून घेतला. मी त्यांना दोष देत नाही, मीही तेच म्हणालो असतो.

त्या मुलीचा आवाज परतायला चैत्र उजाडला. खर्ज अजून पूर्वीइतका भरत नाही, आणि त्यातले माझ्या पहाटांनी किती नेले याचा हिशेब मी अधूनमधून मांडत बसतो. तिच्या आईच्या वखारीतली धूळ मात्र माझ्या वेळापत्रकाने हलणारी नाही. फडके तोंडाला बांधून ती चाळणीवर बसते, आठ तास. आषाढात पावसाने हवा धुतली की पहाटेचा वर्ग पुन्हा भरतो. मुलगी सर्वांच्या आधी येते, खिडकी उघडते आणि तंबोऱ्याची गवसणी काढते.