खोबरेल गोठतं, मग गव्हाचं रोप का नाही?

जानेवारीत बोरिवली-मुलुंडकडे पहाटेचा पारा 15-16 अंशांवर आला की न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली पांढरी पडते आणि कपाटातले स्वेटर बाहेर निघतात. मुंबईच्या थंडीची ऐपत एवढीच. सांताक्रूझ वेधशाळेतला नीचांक 7.4 अंशांचा, तोही 22 जानेवारी 1962 चा. तरी या दिवसांत लोकलमध्ये कुणीतरी म्हणतंच, “थंडी बरी पडली, यंदा गहू चांगला येणार.” म्हणणं बरोबर आहे. त्याची कारणं सांगताना मात्र बरेच जण घसरतात.

“थंडीने गहू काटक होतो, म्हणून पीक चांगलं येतं.” कॅनडा-रशियातल्या हिवाळी गव्हाबाबत हे बरंचसं खरं. बर्फ पडण्याआधी काही आठवडे तो 2 ते 5 अंशांच्या गारठ्यात काढतो आणि तेवढ्यात गोठणाऱ्या थंडीला सरावतो. आपला गहू नोव्हेंबरात पेरायचा आणि उन्हाळा तापायच्या आत काढायचा. त्याला थंडी हवी ती फुटवे नीट यावेत आणि दाणा भरायला जास्त दिवस मिळावेत म्हणून. फेब्रुवारीतच ऊन चटकलं तर दाणा घाईने पिकतो, बारीक राहतो. निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पारा 5 अंशांखाली गेला की बातमी होते. त्या दिवशी जीव टांगणीला लागतो तो द्राक्षबागायतदाराचा; गहूवाला खुशीत असतो.

थंडीने रोप मरतं कसं, याचंही एक ठरलेलं उत्तर असतं: “पेशीतलं पाणी गोठतं आणि पेशी फुटते.” शाळेपासून डोक्यात बसलेलं हे चित्र सहसा खरं नसतं. बर्फ आधी पेशींच्या मधल्या पोकळ्यांत धरतो आणि पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेतो. उणे 10 अंशांपर्यंत पेशीतलं बहुतेक पाणी निघून गेलेलं असतं. पेशी सुकते, आक्रसते, आणि खरी कसोटी लागते ती तिच्याभोवतीच्या पटलाची, म्हणजे लिपिडांच्या दुपदरी पडद्याची. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात पीटर स्टेपॉन्कस आणि सहकाऱ्यांनी राय (मोहरी नव्हे, गव्हाच्या जातकुळीतलं थंड मुलखातलं धान्य) घेतलं. त्याच्या पेशींची भित्तिका काढून टाकून त्या सूक्ष्मदर्शकाखाली गोठवल्या. न सरावलेली पेशी आक्रसताना पटलाचे बारीक फुगे आत ओढून घेते. ते पटल मग परत मिळत नाही. बर्फ वितळून पाणी आत शिरलं की पेशी फुगते, पटल अपुरं पडतं आणि ती फुटते. म्हणजे अशी पेशी फुटते ती वितळताना! सरावलेली पेशी तेच जादा पटल बाहेरच्या बाजूला उंचवट्यांच्या रूपात धरून ठेवते आणि फुगताना पुन्हा कामी लावते.

आता खोबरेल, कारण तेही लिपिडच. त्यात संतृप्त मेदाम्लं सुमारे 90 टक्के. त्यांच्या साखळ्या सरळ, एकमेकींना खेटून बसणाऱ्या, म्हणून ते 24 अंशांच्या आसपासच थिजतं. दुहेरी बंध आला की साखळीला बाक येतो, आणि सूर्यफुलाचं तेल पातळच राहतं. गारठ्यात गव्हाच्या पानांतही विकरं असे बंध वाढवतात. तीन दुहेरी बंधांचं लिनोलेनिक आम्ल जास्त होतं. यावरून “असंतृप्त मेद वाढले की रोप काटक” असं समीकरण मांडलं गेलं. ते फार सोपं होतं. कॅनडात द ला रोश आणि सहकाऱ्यांना 1970 च्या दशकात दिसलं की लिनोलेनिक आम्ल काटक वाणांत वाढतं तसंच नाजूक वाणांतही वाढतं. 1979 मध्ये त्यांनी दाखवलं की ही वाढ न होताही गहू थंडीला सरावू शकतो. रायच्या पेशीपटलात बाकीची मांडणीही बदलते: फॉस्फोलिपिडं वाढतात, सेरेब्रोसाइडं कमी होतात. जोडीला पेशीत साखर आणि प्रोलिन साठतं, सुकण्यापासून वाचवणारी प्रथिनं तयार होतात. कुठल्याही एका रेणूला सगळं श्रेय देता येत नाही.

याच लिनोलेनिक आम्लाला बाजारात ओमेगा-3 म्हणतात, म्हणून “थंडीतल्या गव्हाची पोळी हृदयाला बरी” असंही कुणी सांगेल. पण हा बदल पानांच्या पटलांत होतो, दाण्यात नव्हे. शिवाय ऊब मिळाली की रोपाचा हा सराव काही दिवसांत उतरतो.

भाताला तर असा सराव जमतच नाही म्हटलं तरी चालेल. कर्जतकडे उन्हाळी भाताची रोपवाटिका डिसेंबरात टाकतात. पारा 12 अंशांखाली गेला की उगवण रेंगाळते आणि रोपं पिवळी पडतात. बर्फाचा इथे संबंधच नसतो. अशा नुसत्या गारठ्याच्या इजेत मात्र खोबरेलाचा न्याय बराचसा लागू पडतो. जपानच्या नोरिओ मुराता यांच्या गटाने 1992 मध्ये भोपळ्याचं जनुक घालून तंबाखूच्या हरितलवकांतलं एक लिपिड जास्त संतृप्त केलं, आणि ती तंबाखू थंडीला हळवी झाली. कोकणातला शेतकरी लिपिडांना हात लावू शकत नाही. तो संध्याकाळी वाफ्यात पाणी भरतो आणि सकाळी काढून टाकतो: पाणी हवेपेक्षा सावकाश निवतं, त्यामुळे रोपांच्या बुडाशी रात्रभर थोडी ऊब राहते.