कृपापूर्ण कीं कृपा पावलेली?

जोगेश्वरीस आमच्या शेजारीं एक ख्रिस्ती कुटुंब राहतें. यजमान कॅथॉलिक, बाई प्रॉटेस्टंट. यजमान जपमाळेच्या प्रार्थनेंत मरियेस 'कृपेनें पूर्ण' म्हणतात. बाईंच्या मराठी बायबलांत, लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायांत, देवदूत तिला 'कृपा पावलेली' म्हणतो. त्यांच्या कन्येनें एके दिवशीं मला विचारलें, "गुरुजी, देवदूत खरोखर काय म्हणाला? आई चुकते कीं बाबा?" तिचा चेहरा पाहून मला उत्तर टाळवेना. मी पडलों जुना मॅट्रिक. ग्रीक भाषेचा पंडित नव्हे. ग्रंथांच्या आधारें जें उमगलें तें सांगतों.

लूकचा मूळ शब्द 'केखारितोमेने' असा आहे. 'खारिस' म्हणजे कृपा. ग्रीक भाषेंत सोन्यास 'ख्रुसोस' म्हणतात आणि त्यापासून 'सोन्यानें मढविणें' या अर्थाचें क्रियापद होतें. त्याच रीतीनें 'खारिस'पासून 'कृपेनें मंडित करणें' असें क्रियापद झालें. प्रस्तुत रूप कर्मणि आहे. अर्थात् कृपा करणारा देव, मरिया ती घेणारी. शिवाय त्यांत पूर्णकाळ आहे. 'दार उघडलेलें आहे' म्हटल्यानें तें कोणीतरी उघडलें व अद्याप उघडेंच आहे, हें दोन्ही कळतें; तसाच हा प्रकार.

चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमच्या लॅटिन बायबलांत यासाठीं 'ग्रातिया प्लेना', म्हणजे 'कृपेनें पूर्ण', हे शब्द आले आणि प्रार्थनेंत रूढ झाले. गोव्याच्या कोंकणी प्रार्थनेंतील 'कुर्पेन भरलेले' हें त्यांचेंच रूप होय. १५३० सालीं मार्टिन लूथरनें यावर आक्षेप घेतला. 'भरलेली' म्हटलें कीं जर्मन मनुष्यास मद्याचें पिंप किंवा पैशांची थैली आठवते, असें त्याचें म्हणणें. १६११ च्या इंग्रजी बायबलानें 'अत्यंत अनुग्रह पावलेली' असा अर्थ घेतला.

वादाचें मूळ सिद्धांतांत आहे. मरिया गर्भधारणेच्या क्षणापासून आदिपापापासून मुक्त होती, असें पोप नववे पायस यांनीं १८५४ सालीं घोषित केलें व या अभिवादनाचाही आधार घेतला. प्रॉटेस्टंट विद्वान् म्हणतात कीं, हेंच क्रियापद इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत सर्व विश्वासणाऱ्यांना लाविलें आहे. 'पूर्ण' हा निराळा ग्रीक शब्द योहानानें येशूसाठीं योजिला आहे. कॅथॉलिक उत्तर असें कीं, तेथें क्रियापद साध्या भूतकाळाचें आहे. येथें मरियेचें नांव न घेतां देवदूत हाच शब्द नांवासारखा उच्चारतो.

तथापि पक्षभेद दिसतो तितका सरळ नाहीं. प्रॉटेस्टंट टिंडलनें १५२६ सालीं 'कृपेनें पूर्ण' हेंच ठेविलें. उलट १९७० च्या अमेरिकन कॅथॉलिक बायबलांत 'अत्यंत अनुग्रह पावलेली कन्या' असें आलें.

मीं त्या मुलीस सांगितलें, "बाबांचा शब्द कृपेचें माप सांगतो, आईचा शब्द ती देवाकडून मिळाली हें सांगतो. मूळ शब्दांत 'पूर्ण' हें पद नाहीं. पण 'पावलेली' या शब्दांत ती कृपा टिकून आहे, हा भाव पुरता उतरत नाहीं." मरियेची प्रार्थना करावी कीं न करावी, याचा निकाल व्याकरण देत नाहीं. परंतु आईबापांपैकीं एकास खोटें ठरविण्यास त्या ग्रीक शब्दांत आधार सांपडत नाहीं, एवढें तिला सांगतां आलें.