उन्हाळी सुट्टीत लेकरांना काय करायला द्यायचं? सामान नंतर आणा, आधी शिकवणारा शोधा



एप्रिल संपत आला की दुकानावर आणि चॅनलवर एकच प्रश्न सुरू होतो. "सर, लेकरांना सुट्ट्या लागतायत. मोबाईल हातातून सुटत नाही. काहीतरी करायला सांगा, पण आमच्या गावात मिळेल असं सांगा."

या प्रश्नातला शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. यूट्यूबवर क्राफ्ट शोधलं की ग्लू गन, ग्लिटर शीट, आईस्क्रीमच्या काड्यांची पाकिटं असलं सामान दिसतं. गेवराई, पाटोदा, वडवणी, शिरूर कासार अशा ठिकाणी त्यातलं निम्मं मिळत नाही. ऑनलाइन किट मागवलं तर ते दोन तासांत संपतं आणि डबा माळ्यावर जातो. मग आपण म्हणतो, "आपल्याकडं काही सोयच नाही."

सोय आहे. फक्त आपण ती चुकीच्या जागी शोधतो. आजच्या लेखात चार उपक्रम देतो. त्यांचं बहुतेक सामान घरात, गोठ्यात किंवा दुकानाच्या मागच्या खोलीत पडलेलं आहे. आणि ते शिकवणारं माणूसही बहुतेक तुमच्याच घरात आहे. शेवटी दुकानदार मंडळींसाठी एक साधा हिशोब दिलाय, तो नक्की वाचा.

बीडमधला मे महिना वेगळा का?

आपल्याकडं मे महिन्याच्या सुरुवातीला शाळांना सुट्टी लागते आणि जूनच्या मध्याला शाळा उघडतात. हे सगळ्या राज्यात थोड्याफार फरकानं सारखंच आहे. पण बीड जिल्ह्यात या दिवसांत आणखी एक गोष्ट घडते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली माणसं कारखान्यांचं गाळप संपलं की परत येतात. काही लेकरं त्यांच्यासोबत फडावर असतात, काही आजी-आजोबांपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहात. म्हणजे हजारो घरांमध्ये उन्हाळ्याची सुट्टी हा असा काळ असतो, की आई-बाप आणि लेकरं दिवाळीनंतर पहिल्यांदा निवांत एका छपराखाली येतात.

या दीड महिन्यात बापाकडं वेळ असतो, लेकराकडं वेळ असतो आणि मध्ये मोबाईल असतो. पाच-सहा महिने लांब राहिलेल्या लेकराला "काय रं, अभ्यास कसाय?" एवढंच विचारून संवाद होत नाही. हातात काहीतरी काम असलं की गप्पा आपोआप सुटतात. म्हणून मी म्हणतो, सुट्टीतला उपक्रम हा नुसता टाइमपास नाही.

उपक्रम निवडताना तीन प्रश्न विचारा:

१. सामान घरात किंवा गावात आहे का?
२. हे येणारं एक तरी मोठं माणूस ओळखीत आहे का?
३. तयार झालेली वस्तू नंतर वापरात येणार आहे का?

तिन्हींचं उत्तर "हो" असेल तरच सुरू करा. आता उपक्रम बघू.

१. धाटाची बैलगाडी

आपला जिल्हा रब्बी ज्वारीचा. मे महिन्यात घरोघरी कडब्याची गंज उभी असते. त्यातली जाड, वाळलेली पाच-सात धाटं काढा. धाटाचे दोन भाग असतात: वरची चिवट साल आणि आतला हलका, मऊ, पांढरा गाभा. गाभा म्हणजे आपलं थर्माकोल आणि साल म्हणजे खिळे. बाहेरून काहीच आणायचं नाही.

गाभ्याचा बोटभर तुकडा घ्या. त्यात सालीच्या चार काड्या टोचल्या की पाय, दोन टोचल्या की शिंगं. झाला बैल. चाकासाठी सालीची लांब पट्टी थोडा वेळ पाण्यात भिजवा, म्हणजे ती मोडत नाही. मग गोल वाकवून तिची दोन्ही टोकं गाभ्याच्या एकाच तुकड्यात खोचा. मध्ये आडव्या-उभ्या काड्या घातल्या की आरे तयार. साटा, जू, दांडी हे सगळं याच दोन गोष्टींतून होतं.

एक काळजी घ्या. सालीची धार ब्लेडसारखी असते, बोट चिरतं. साल मोठ्या माणसानंच काढून द्यायची, लहानांनी फक्त जोडणी करायची.

आणि हे शिकवणार कोण? आजोबा, काका, नाहीतर फडावरून परत आलेला बाप. ज्यांनी लहानपणी गुरं राखली त्यातल्या बहुतेकांच्या बोटांना हे अजून आठवतं. इंग्रजी शाळेतल्या लेकराच्या गृहपाठात बापाला मदत करता येत नसेल, पण इथं तो मास्तर असतो. लेकरानं बापाला मास्तर म्हणून बघणं, ही या गाडीची खरी किंमत आहे.

२. कागदी पिशव्या

हा उपक्रम दुकानदारांच्या घरांसाठी एक नंबर. २०१८ साली राज्यात प्लास्टिक पिशव्या आणि थर्माकोलवर बंदी आली. तेव्हापासून चांगल्या कागदी पिशवीला गिऱ्हाईक आहे.

वर्तमानपत्राचं एक पान आडवं घ्या. दोन्ही कडा मध्यावर आणून चिकटवा, खालची बाजू चौकोनी दुमडून तळ करा, तळाला जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवा. वरची कड दुमडून आत पुठ्ठ्याची पट्टी घाला, भोकं पाडून सुतळी ओवा.

चिकटवायला फेव्हिकॉलच लागतो असं नाही. दोन चमचे मैदा किंवा कणीक एक वाटी पाण्यात कालवून मंद आचेवर हलवत राहा. पातळ खिरीसारखी झाली की उतरवा. ही आपली जुनी खळ. उन्हाळ्यात ती दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून रोज थोडीच करा. टिकावी म्हणून जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे. ते विष आहे, लेकरांच्या खळीत अजिबात घालू नका.

दुसरी काळजी म्हणजे वर्तमानपत्राच्या पिशवीत किंवा पुडीत खायची वस्तू थेट ठेवायची नाही. छपाईची शाई अन्नात उतरते, एफएसएसएआयनंही याबद्दल बजावलंय. वह्या, कपडे, खेळणी, पॅकबंद सामान यांच्यासाठी या पिशव्या ठेवा. भेळ-फुटाण्यासाठी पुडी करायची तर कोरा कागद वापरा.

पिशवी झाली की परीक्षा घ्या. आत एक किलो साखरेचं पाकीट ठेवून लेकराला अंगणात दहा पावलं चालायला सांगा. तळ सुटला तर कुठं सुटला ते त्यानंच शोधायचं आणि दुसरी पिशवी सुधारून करायची. आपण धंद्यात ज्याला क्वालिटी चेक म्हणतो, ते आठ वर्षांच्या पोराला असं कळतं.

३. कापडावरचा सारीपाट आणि चिंचोके

आपल्याकडं उन्हाळ्याच्या तोंडाला चिंचा फोडायचं काम घरोघर चालतं. चिंचोके ढिगानं उरतात. त्यातले सहा सारख्या आकाराचे निवडा, खरबरीत दगडावर एक बाजू घासा. तपकिरी साल जाऊन पांढरं दिसायला लागलं की एक बाजू काळपट, एक पांढरी. झाले फासे. सहा एकदम टाकायचे आणि पांढरे किती पडले ते मोजायचे.

पट मांडायला शिंप्याकडून उरलेलं जाड कापड आणा. मध्ये चौकोन, त्याच्या चार बाजूंना चार पट्टे. प्रत्येक पट्ट्यात तीन ओळी आणि एका ओळीत आठ घरं, म्हणजे एका पट्ट्यात २४ आणि एकूण ९६ घरं. पट्टी घेऊन ही घरं सारखी आखायला चौथी-पाचवीच्या लेकराला अख्खी दुपार लागते, आणि दुपारी बाहेर पारा चाळिशीच्या पुढं असतो तेव्हा तेच तर आपल्याला पाहिजे. सोंगट्या म्हणून रंगवलेली बाटलीची झाकणं चालतात, चार रंगांची प्रत्येकी चार.

नियम आजीला विचारा. प्रत्येक गावचे नियम थोडे वेगळे असतात, आणि त्यावरून जी भांडणं होतात तीच खरी मजा. कडेला दोरा घालायला आजीलाच सांगा. गोधडी शिवणाऱ्या बाईचा धावदोरा बघून लेकरू सुई धरायला शिकतं.

४. घरची पासोडी

अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत आपल्याला माहीत आहेत. सोळाव्या शतकात जन्मलेल्या या माणसानं 'पंचीकरण' हा अवघड विषय एका लांबलचक कापडावर लिहून काढला, आकृत्या काढून समजावला. ती पासोडी अंबाजोगाईत आजही जपलेली आहे. म्हणजे अवघड गोष्ट मोठ्या कापडावर चित्रं काढून शिकवायची युक्ती आपल्याच जिल्ह्यातली आहे.

तुम्ही घरची पासोडी करा. जुनी पांढरी चादर किंवा धोतर उभं कापून लांब पट्टा करा, भिंतीला बांधा. रोज संध्याकाळी लेकरानं घरातल्या एका माणसाला एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर हातभर जागेत लिहायचं, चित्र काढायचं. "आज्या, विहीर कुणी खोदली?" "माय, तुझ्या शाळेत किती पोरी होत्या?" "पप्पा, फडावर पहाटे किती वाजता उठता?"

फडावर राहून आलेल्या लेकरांना तर सांगण्यासारखं खूप असतं. कोप कशी बांधतात, मोळी कशी आवळतात, बैलगाडी कारखान्याच्या रांगेत किती वेळ उभी राहते. शाळेत हेच लेकरू "मागं पडलंय" म्हणून गप्प बसतं. पासोडीवर त्याच्याकडं सगळ्यात जास्त मजकूर असतो. कापडावर लिहायला फॅब्रिक कलर किंवा कापडावर टिकणारा मार्कर घ्या. साधा स्केचपेन धुतल्यावर जातो.

दिवाळीच्या सुट्टीसाठी एक सूचना

हेच तीन प्रश्न दिवाळीलाही लावा. बांबूच्या कामट्यांचा कंदील, लव्हाळ्याच्या दिवट्या, कापसाच्या वाती, सगळं आपल्याच शिवारातलं. फक्त एका गोष्टीला जपा. त्या दिवसांत सीताफळं भरपूर असतात आणि काळ्याभोर बिया लेकरांना फार आवडतात. त्या बिया फोडू किंवा कुटू देऊ नका. आतला गर विषारी असतो आणि डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. लहान लेकरं असतील तर चिंचोकेच बरे.

आता दुकानदारांसाठी हिशोब

तुमचं स्टेशनरी, जनरल, टेलरिंग असं कोणतंही दुकान असेल, समोर सावली असेल, तर सहा दिवसांचं "सुट्टीचं टेबल" लावा. वेळ सकाळी आठ ते साडेनऊ. त्या वेळी ऊन कमी आणि गिऱ्हाईकही कमी. रोज एक शिकवणारं माणूस बोलवा: एक दिवस आजोबा, एक दिवस शेजारचा शिंपी, एक दिवस गोधडीवाल्या मावशी.

समजा २० लेकरं आली. खर्च असा धरा:

- चिकट आणि ब्रश: ३०० रुपये
- रंग आणि मार्कर: ४०० रुपये
- कागद, सुतळी, दोरा: २०० रुपये
- सहा दिवसांचं पाणी आणि लिंबू सरबत: ६०० रुपये

एकूण १,५०० रुपये. वीस लेकरांत भागलं तर ७५ रुपये पडतात. पण फी ७५ ठेवू नका, १०० ठेवा. पंधरा जणांनी दिली की १,५०० पूर्ण होतात. उरलेल्या पाच जागा फुकट. त्या जागा अशा घरांसाठी, जिथं शंभर रुपये काढणंसुद्धा जड आहे.

इथं पद्धत महत्त्वाची. कुणी पैसे दिले, कुणी नाही, हे टेबलावर कळता कामा नये. नावांची यादी वाचायची नाही, पावती लेकराच्या हातात द्यायची नाही, सगळ्यांना सामान सारखंच. पैशाचं बोलणं काउंटरवर, मोठ्या माणसाशी, हळू आवाजात. एकदा लेकराला "तू फुकटवाला" असं कळलं की ते दुसऱ्या दिवशी येत नाही.

आणि एक रेषा ओलांडू नका. लेकरांनी केलेल्या पिशव्या गोळा करून विकायच्या नाहीत. त्यांनी केलेलं त्यांनी घरी न्यायचं. ज्या दिवशी आपण त्यांना "आज पन्नास पिशव्या झाल्या पाहिजेत" म्हणू, त्या दिवशी उपक्रम संपला आणि काम सुरू झालं. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी लेकरांच्या वाट्याला काम लवकर येतंच. सुट्टीत तरी नको.

यात दुकानाचा फायदा काय, असं विचाराल. या सहा दिवसांत नफा धरू नका. पण जूनमध्ये वह्या-पुस्तकं घ्यायची वेळ येते, तेव्हा तेच लेकरू आईचा हात धरून म्हणतं, "आपण त्या दुकानात जाऊ." याला पोस्टर लागत नाही.

तर आजच एक काम करा. सामानाची यादी बाजूला ठेवा. वहीवर घरातल्या आणि गल्लीतल्या पाच मोठ्या माणसांची नावं लिहा आणि प्रत्येकाच्या पुढं लिहा, त्यांच्या हाताला काय येतं. यादी लिहून झाली की पहिल्या माणसाच्या घरी जा आणि विचारा, "सोमवारी सकाळी दीड तास द्याल का?" पुढच्या व्हिडिओत धाटाची बैलगाडी पहिल्या काडीपासून शेवटपर्यंत करून दाखवतो. तोवर दोन चांगली धाटं काढून सावलीत ठेवा.