रोहेकर रोह्याचे, पण कुठल्या घरातले?

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातला, माणूस घराण्याचा इतिहास शोधायला निघाला की बहुधा भलत्याच टोकाकडून सुरुवात करतो. नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांच्यापासून आपण सगळे, ही कथा घराघरात ठाऊक असते. नवगावला तिचं स्मारकही आहे. या सात जोडप्यांपासून एकेक पिढी खाली उतरत यायचं, असा त्याचा बेत असतो, आणि तो कधीच तडीस जात नाही. गलबत नेमकं कधी फुटलं यावर एकमत नाही, आणि त्या जोडप्यांना आजच्या एखाद्या घराशी जोडणारी लेखी वंशावळही नाही. कथा साऱ्या समाजाची आहे. घराण्याचा शोध मात्र स्वतःपासून, मग आईवडील, मग आजीआजोबा असा मागेच न्यावा लागतो.

आडनाव सापडलं म्हणजे कूळ सापडलं, हा दुसरा गैरसमज, आणि तो जास्त घोळ घालतो. रोहेकर रोह्याचे, पेणकर पेणचे, किहीमकर किहीमचे, इथवर ठीक. पण अशा आडनावातून गाव कळतं, नातं कळत नाही. एकाच गावची दोन घरं एकमेकांची कुणीही नसू शकतात, आणि तेच आडनाव शेजारचं हिंदू घरही लावत असतं. भरीस भर म्हणजे मुंबईत आलेल्या अनेकांनी गावाचं नाव मागे टाकून वडिलांचं किंवा आजोबांचं नावच आडनावासारखं वापरलं. महालक्ष्मीच्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते मुंबईचे माजी महापौर डॉ. ई. मोझेस मूळचे राजपूरकर.

पहिल्या नावांचीही तीच गत. 1796 साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, शार हारहमीम, उभारणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर. तेव्हा कागदात सामाजी भेटला नाही तर सॅम्युएल बघावा, इसाजी भेटला नाही तर आयझॅक. फक्त ‘ज्यू’ किंवा ‘यहुदी’ हा शब्द शोधत बसणाऱ्याच्याही हाती फारसं लागत नाही. कोकणातल्या गावकऱ्यांना हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ म्हणून माहीत होते.

ज्यू वंशावळीची परदेशी मार्गदर्शक पुस्तकं इथे जशीच्या तशी लागू पडतील, असंही अनेकांना वाटतं. ती बहुतेक पोलंड, लिथुआनियाहून अमेरिकेत गेलेल्या घरांसाठी लिहिलेली असतात. अमेरिकेत जनगणनेचे घरोघरचे तक्ते 72 वर्षांनी खुले होतात. आपल्याकडच्या जुन्या जनगणनांचे आकडे छापून आले, पण नावनिशीचे तक्ते जपले गेले नाहीत. त्यामुळे इथली भिस्त वेगळ्या कागदांवर. सगळ्यांत आधी घरातली पेटी उघडावी आणि केतुबा, म्हणजे विवाहाचा करार, आहे का ते पाहावं. त्यात वर आणि वधू दोघांच्या वडिलांची नावं, तारीख आणि ठिकाण असतं, म्हणजे एका कागदात दोन घरं. मग सिनेगॉगच्या नोंदवह्या, शाळेचे दाखले, पलटणीचे किंवा रेल्वेच्या नोकरीचे कागद.

कबरस्तानातल्या दगडांनाही वेळ द्यावा. हिब्रू लेखात मृताच्या नावासोबत वडिलांचं नाव देण्याची रीत असल्याने तिथे एक पिढी फुकट मिळते. वर्ष हिब्रू अक्षरांत असतं आणि पुष्कळदा हजारचा आकडा गाळलेला असतो. 650 वाचलं तर ते 5650. त्यातून 3760 वजा केले की 1890 येतं. पण ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असल्याने मृत्यू डिसेंबरअखेरपर्यंतचा असेल तर साल 1889 धरावं. या एका वर्षाच्या फरकाने लोक भलत्याच वह्या चाळत बसतात.

मुंबईचा ज्यू म्हणजे ससूनचा नातलग, हेही मनातून काढावं. ससून बगदादी, डेव्हिड ससून मुंबईत आले 1832 साली. त्यांची सिनेगॉगं वेगळी, म्हणून दप्तरंही वेगळी.

राहिली डीएनए चाचणी. थुंकी पाठवली की वंशावळ परत येते, असं समजणारे कमी नाहीत. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलींमध्ये ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा वारसा दिसला. समाजाविषयी हे महत्त्वाचंच, पण तुमचे पणजोबा कोण ते त्यातून कळत नाही. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्नं झालेल्या छोट्या समाजात लांबचा नातेवाईकही चाचणीत जवळचा भासतो. ‘चुलतभाऊ’ असं उत्तर आलं तर आधी केतुबा काढून पाहा.

आणि सगळे इस्रायलला गेले, आता विचारायचं कुणाला, ही तक्रारही खरी नाही. विचारायचं त्यांनाच. अश्दोद, दिमोना, लोद इथे मराठी बोलणारी म्हातारी माणसं अजून आहेत. फोन केल्यावर ‘आपले पूर्वज कोण’ असं विचारू नका, गलबताचीच कथा ऐकायला मिळेल. आजीचं माहेर कुठलं, लग्न कुठल्या सिनेगॉगमध्ये लागलं, मुंबईत बिऱ्हाड कुठे होतं, आजोबा कुठल्या खात्यात नोकरीला होते, हे विचारा, आणि बोलणं रेकॉर्ड करू का, हेही.