कोयत्याची मूठ सैल का होते?

दिवाळी सरली की दौंड तालुक्यात वरवंड, पाटस भागात ऊसतोडणी टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. या कामात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची मोजणी हत्याराच्या नावाने होते! अशाच एका फडात आम्ही एक कोयता हातात घेतला. मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. “ढिला झालाय सर. रातच्याला पाण्यात टाकला की सकाळी गच्च बसतोय,” तोडणी करणाऱ्या बाई म्हणाल्या. सकाळी तो खरोखरच घट्ट होतो. मग वाळल्यावर आधीपेक्षाही ढिला का होतो?

या कोयत्याच्या पात्याचा मागचा भाग चपटा होता. त्याच्या दोन्ही अंगांना बाभळीची एकेक पट्टी आणि आरपार तीन रिबिटा.

प्रसरण शिकवताना आपण वर्गात उष्णतेपाशीच थांबतो. येथे हिशेब करून पाहू. पोलादाचा रेखीय प्रसरणांक दर अंश सेल्सियसला ०.००००१२ आहे. म्हणजे १२ सेंमी लांबीची मूठ ३० अंशांनी तापली, तर त्यातील पोलाद जेमतेम ०.०४ मिमी वाढते. लाकडाची खरी हालचाल होते ती पाण्याने. तंतूंच्या दिशेने ते जवळजवळ वाढत नाही. आडवे मात्र सुमारे ३ टक्के फुगू शकते. १ सेंमी जाडीच्या पट्टीत ही वाढ ०.३ मिमी, म्हणजे वरच्या आकड्याच्या सातपट!

पण रिबिटांची डोकी तिला बाहेर फुगू देत नाहीत. फुगणाऱ्या लाकडाचे बळ मोठे असते. छिद्रांत लाकडी पाचरी ठोकून, त्या भिजवून दगड फोडण्याची जुनी पद्धत याच बळावर चाले. पोलाद हटत नाही, तेव्हा लाकडाच्याच पेशी चेपतात, आणि चेपलेल्या पेशी पुन्हा पूर्ववत होत नाहीत. वाळताना पट्टी आकसते ती या चेपलेल्या मापापासून. म्हणून प्रत्येक भिजवणीनंतर ती थोडी अधिक पातळ होते. फटीत आंबट रस शिरतो, गंज चढतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. तो पट्ट्या आतून उचलतो. मग एखाद्या घावाला पाते मुठीत फिरते आणि घाव उसाऐवजी पायावर बसतो.

उपाय मूठ बसवतानाच करायचा. लाकूड पूर्ण वाळलेले हवे. पोलाद पॉलिश पेपरने खरबरीत करावे, सोड्याच्या पाण्याने धुऊन कोरडे करावे आणि इपॉक्सी लावावे. पट्ट्या फार आवळू नयेत, नाहीतर सगळा चिकटा बाहेर येतो. नुसत्या चिकट्यावर मात्र विसंबू नये. सांधा सरकवू पाहणारे बळ तो पेलतो, पण कडेने उचकटले की सुटतो. तेथे रिबीट हवीच. ती मऊ धातूची असावी आणि छिद्रात सैलसर जावी, कारण ठोकताना ती जाड होते. छिद्र तंग असेल तर लाकूड तडकते. शेवटी जवसाचे तेल, विशेषतः पट्टीच्या टोकांना. तेथे नळ्यांसारख्या पेशींची तोंडे उघडी असल्याने पाणी सर्वांत लवकर शिरते.

वर्गात एकाच फळीतून १० सेंमी लांबीच्या दोन पट्ट्या कापा, एक तंतूंच्या दिशेने, दुसरी आडवी. दोन्ही मोजून रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. मग आडव्या जोडीदार पट्टीला शिकंजात घट्ट धरून हेच करा, आठवडाभर वाळवा आणि तिचे माप पहिल्या दिवसाच्या मापाशी ताडून पाहा.