छातीतील कळ आणि रक्तातील पुरावा

छातीत कळ उठली की मनात पहिली शंका येते ती हृदयविकाराच्या झटक्याची. या तक्रारीने रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात येणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना प्रत्यक्षात झटका आलेला नसतो. कोणाला पित्ताचा त्रास असतो, कोणाचा स्नायू आखडलेला असतो, तर कोणाला केवळ धास्तीने घेरलेले असते. तथापि, झटका नाही असा निर्वाळा देणे डॉक्टरांना सोपे नसते. तो चुकला तर जिवावर बेतते; आणि प्रत्येकाला ठेवून घ्यावे, तर खऱ्या गरजूला खाट मिळत नाही.

पहिली तपासणी ईसीजीची. मोठा झटका बहुधा तेथेच ओळखू येतो. पण काही झटके त्या आलेखात दिसत नाहीत. अशा वेळी ट्रोपोनिन या प्रथिनाची रक्ततपासणी उपयोगी पडते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरते. पूर्वीच्या चाचण्यांना त्याचे अल्प प्रमाण कळत नसे. त्यामुळे वेदना सुरू झाल्यापासून सहा ते बारा तासांनी पुन्हा रक्त तपासावे लागे, आणि तोवर रुग्ण व नातेवाईक दोघेही टांगणीला लागत.

अतिसंवेदनशील चाचण्या आल्या आणि हे चित्र पालटले. निरोगी माणसाच्या रक्तातील ट्रोपोनिनचा अंशही त्या मोजू शकतात. स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठाचे प्रा. निकोलस मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 6,304 रुग्णांचा अभ्यास करून 2015 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. रुग्ण आला त्या वेळी ट्रोपोनिन लिटरमागे 5 नॅनोग्रॅमपेक्षा कमी असेल, तर त्याला झटका नाही आणि पुढील 30 दिवसही तो सुरक्षित राहील, हे अनुमान 99.6 टक्के प्रसंगी खरे ठरले.

संशोधनातील निष्कर्ष रोजच्या धावपळीत टिकतो का, हा पुढचा प्रश्न होता. स्कॉटलंडमधील सात रुग्णालयांत 31,492 रुग्णांवर ही पद्धत अजमावण्यात आली. तिचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णालयातील सरासरी मुक्काम 10.1 तासांवरून 6.8 तासांवर आला. दाखल न होता घरी परतणाऱ्यांचे प्रमाण 50 टक्क्यांवरून 71 टक्क्यांवर गेले. घरी गेल्यानंतर 30 दिवसांत झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू होण्याचे प्रमाण आधी 0.4 टक्के होते, नंतर 0.3 टक्के आढळले. वेळ वाचला, पण त्यासाठी धोका वाढल्याचे दिसले नाही.

या पद्धतीची एक अट मात्र महत्त्वाची आहे. ट्रोपोनिन रक्तात उतरायला वेळ लागतो. वेदना सुरू होऊन दोन तासही झाले नसतील, तर पहिला आकडा कितीही कमी असला तरी त्यावर विसंबता येत नाही. तीन तासांनी पुन्हा रक्त तपासतात. आकडा मधल्या पट्ट्यात असेल, तरी दुसरी तपासणी होते आणि दोन आकड्यांतील वाढ पाहिली जाते. स्त्रियांसाठी मर्यादाही निराळी असते. एडिंबऱ्यात वापरलेल्या चाचणीत ती पुरुषांसाठी 34 व स्त्रियांसाठी 16 नॅनोग्रॅम आहे. एकच मोजपट्टी लावली तर स्त्रियांमधील हृदयाची इजा नजरेतून सुटण्याचा संभव असतो.

भारतातही मोठ्या शहरांतील अनेक रुग्णालयांत अतिसंवेदनशील चाचणी उपलब्ध आहे. मात्र निर्वाळ्याचा हा वेग रुग्ण रुग्णालयात पोहोचल्यानंतरचा आहे. ‘दुकान वाढवून मग जाऊ’ किंवा ‘पित्तच असेल’ असे म्हणत घरी घालवलेले तास कोणतीही चाचणी भरून काढू शकत नाही. छातीत दाब, घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ अशी लक्षणे दिसताच महाराष्ट्रात 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि वेदना नेमकी किती वाजता सुरू झाली हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. रक्तातील आकड्याचा अर्थ त्या वेळेवरच ठरतो.